तीन सामने मागे, बारा बाकी : प्लेऑफ आणि पिचिंगवर वाचकांचे प्रश्न

२०२५ चा सप्टेंबर संपल्यावर आलेली बहुतेक पत्रं दोन संघांबद्दल आहेत. न्यूयॉर्क मेट्स १२ जूनला ४५-२४ (४५ विजय, २४ पराभव) असे साऱ्या मेजर लीग बेसबॉलमध्ये पहिले होते आणि शेवटी ८३-७९ वर बाहेर राहिले. डेट्रॉइट टायगर्स जुलैत क्लीव्हलंडच्या तब्बल साडेपंधरा सामने पुढे होते. डिव्हिजन (लीगमधला पाच संघांचा गट) क्लीव्हलंडने नेली, पण टायगर्स मागच्या दाराने प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) शिरले आणि पहिल्याच फेरीत त्याच क्लीव्हलंडला हरवून पुढे गेले. वाचक गुणतक्त्याबद्दल विचारतात, पण दोन्ही संघांच्या बाबतीत गाडी शेवटी एकाच जागी येऊन थांबते: शेवटच्या महिन्यात हाताशी किती पिचिंग (चेंडू टाकणारे दमदार हात) उरलं आहे आणि ते कोणत्या दिवशी वापरता येतं.

प्रश्न : मेट्स आणि सिनसिनाटी रेड्स दोघेही ८३-७९. मग रेड्स आत आणि आम्ही बाहेर, हे कसं? पूर्वी बरोबरी झाली की जादा सामना व्हायचा ना? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

व्हायचा. १६२ सामन्यांनंतरचा तो १६३वा सामना. असे शेवटचे सामने १ ऑक्टोबर २०१८ ला झाले, एकाच दिवशी दोन: मिलवॉकीने शिकागो कब्जना ३-१ हरवलं, लॉस एंजेलिस डॉजर्सनी कोलोरॅडोला ५-२. २०२२ पासून मेजर लीगमधल्या दोन लीगपैकी प्रत्येकीतून सहा संघ प्लेऑफमध्ये जातात, तीन डिव्हिजन विजेते आणि उरलेल्यांतले तीन वाइल्ड कार्ड. तेव्हापासून बरोबरी कागदावरच सुटते. आधी आपसातले सामने बघतात. तिथेही समसमान असेल तर आपापल्या डिव्हिजनमधली कामगिरी, मग लीगमधल्या बाकीच्या संघांविरुद्धची, आणि तरीही सुटलं नाही तर लीगअंतर्गत सामन्यांच्या उत्तरार्धातली.

मेट्स-रेड्स यांच्यात मोसमात सहाच सामने होते. रेड्सनी चार जिंकले. संपलं.

शेवटच्या रविवारची, २८ सप्टेंबरची, स्थिती नीट पाहा. सकाळी दोघेही ८३-७८. रेड्स जिंकले असते तर विषयच मिटला असता. पण रेड्स मिलवॉकीकडून २-४ हरले. म्हणजे मेट्सनी मायामीत मार्लिन्सना हरवलं असतं तर मेट्स आत. ते ०-४ हरले, चारही रन चौथ्या इनिंगमध्ये (सामना नऊ इनिंगचा असतो) गेले, आणि दोघेही हरल्यामुळे झालेली बरोबरी रेड्सच्या खात्यात गेली. (२००७ आणि २००८ मध्येही मेट्सचा मोसम शेवटच्या दिवशी मार्लिन्सच्याच हातून संपला होता. जुन्या चाहत्यांना ही तारीख नकोशी वाटते ती उगाच नाही.)

टायब्रेकरची (बरोबरी सोडवणाऱ्या निकषाची) किंमत किती, हे आकड्यात मांडलं तर थक्क व्हायला होतं. समजा तुमचा संघ तीन सामने मागे आहे, दोघांचे बारा-बारा सामने बाकी आहेत, आपसात एकही उरलेला नाही आणि प्रत्येक सामन्यात दोघांनाही जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के आहे. दोघांचे मिळून २४ सामने. तुमचा विजय तुमच्या फायद्याचा आणि त्यांचा पराभवही. या २४ पैकी १५ निकाल तुमच्या बाजूने लागले की बरोबरी होते, १६ लागले की तुम्ही एक पाऊल पुढे. किमान १५ ची शक्यता सुमारे १५.४ टक्के; किमान १६ ची ७.६ टक्के. टायब्रेकर तुमच्याकडे असेल तर तुमची संधी दुप्पट. जुलैत एखाद्या संघाशी झालेल्या तीन सामन्यांच्या मालिकेतला एखादा पराभव तेव्हा कुणी मनावर घेत नाही, पण त्याचं वजन सप्टेंबरात एवढं होतं.

हे फक्त मेट्सच्याच वाट्याला आलं असं नाही. २०२४ मध्ये मेट्स, अटलांटा आणि ॲरिझोना तिघेही ८९-७३ होते. आपसातल्या हिशेबात ॲरिझोना मागे पडलं. २०२५ मध्येच टोरांटो आणि न्यूयॉर्क यांकीज दोघेही ९४-६८, पण आपसात टोरांटोने ८-५ अशी बाजी मारलेली असल्याने डिव्हिजन टोरांटोची.

१६३वा सामना गेल्याचं दुःख आम्हालाही आहे. पण पिचिंगच्या बाजूने पाहिलं तर नवा नियम रास्त आहे. तो सामना जिंकणाऱ्या संघाचा सर्वोत्तम पिचर बहुधा त्याच दिवशी खर्ची पडायचा आणि पुढच्या फेरीत संघ थकलेल्या बुलपेनसह (राखीव पिचरांच्या ताफ्यासह) उतरायचा.

प्रश्न : “मॅजिक नंबर” घरी कसा काढायचा? आणि साडेतीन सामने मागे म्हणजे अर्धा सामना कुठून आला? (एक वाचक, पुणे)

आधी अर्ध्याचं. पुढच्या संघाचे विजय वजा आपले विजय, त्यात आपले पराभव वजा पुढच्याचे पराभव मिळवा आणि दोनाने भागा. पुढचा संघ ८८-६६ आणि आपला ८४-६९ असेल तर ४ अधिक ३ म्हणजे ७, भागिले दोन, साडेतीन. एक संघ एक सामना जास्त खेळलेला असला की अर्धा येतो.

मॅजिक नंबर म्हणजे पुढच्या संघाचे विजय आणि मागच्याचे पराभव मिळून अजून किती झाले की शर्यत संपली. १६३ मधून पुढच्याचे विजय आणि मागच्याचे पराभव वजा करा. वरच्या उदाहरणात १६३ − ८८ − ६९ = ६. टायब्रेकर पुढच्या संघाकडे आधीच पक्का झालेला असेल तर १६३ ऐवजी १६२ धरा, म्हणजे ५. बरेच लोक इथे चुकतात आणि एक दिवस उशिरा जल्लोष करतात.

दुसरी चूक वाइल्ड कार्डच्या शर्यतीत होते. तिथे आपल्या वरच्या संघाशी तुलना करून उपयोग नाही. आत असलेल्या संघाने बाहेरच्या पहिल्या संघाशी हिशेब मांडायचा, बाहेर असलेल्याने आतल्या शेवटच्याशी. मागून दोन-तीन संघ येत असतील तर प्रत्येकाशी वेगळा आकडा काढा आणि त्यातला सगळ्यात मोठा धरा. पाठलाग करणारे दोन संघ शेवटच्या आठवड्यात एकमेकांशी भिडणार असतील तर त्यांच्यातला एक रोज हरणारच, तेव्हा प्रत्यक्ष स्थिती आकड्यापेक्षा बरी असते.

आणि एक सवय लावून घ्या: तक्त्यात पराभवांचा रकाना आधी पाहा. न खेळलेला सामना जिंकता येतो, हरलेला परत मिळत नाही. साडेतीन मागे पण पराभवांत फक्त दोनने जास्त, असा संघ वाटतो त्यापेक्षा जवळ असतो. मात्र ते राहिलेले सामने पावसामुळे पुढे ढकललेले असतील तर ते डबलहेडर (एकाच दिवशी दोन सामने) होऊन अंगावर येतात. एका दिवसात १८ इनिंग. त्या दिवशी नियमाने एक जादा खेळाडू मिळतो, पण बुलपेनची दोन-तीन दिवसांची घडी विस्कटते ती विस्कटतेच.

प्रश्न : मेट्सनी जुलैअखेर तीन रिलीव्हर (मधून उतरणारे बुलपेनमधले पिचर) आणले, एकही स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) आणला नाही. चूक तिथेच झाली का? की नवख्या पोरांवर फार भार टाकला? (एक वाचक, क्वीन्स, न्यूयॉर्क)

आमच्या मते पोरांवर भार टाकणं ही चूक नव्हती. तो भार टाकण्याची वेळ आली, चूक त्याच्या आधीची होती.

क्रम असा. १२ जूनला स्टार्टर कोडाई सेंगा पहिल्या बेसकडे धावताना मांडीच्या मागच्या स्नायूने जायबंदी झाला. त्या क्षणी त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेले रन; कमी तितका चांगला) १.४७ होता. मेट्सचा ४५-२४ हा आकडा त्याच दिवसाचा, आणि तिथून पुढे ३८-५५. जूनमध्येच ग्रिफिन कॅनिंगचा टाचेवरचा स्नायुबंध तुटला. सेंगा परतला तेव्हा लय हरवलेली होती आणि सप्टेंबरात तो स्वतःच्या संमतीने खाली, मायनर लीगमधल्या सिरॅक्यूजच्या संघात गेला. क्ले होम्स पूर्वी यांकीजचा क्लोजर (शेवटची इनिंग टाकून सामना संपवणारा). संपूर्ण मोसम स्टार्टर म्हणून टाकण्याची त्याची ही पहिलीच वेळ. डेव्हिड पीटरसन उत्तरार्धात घसरला.

आता गणित. आठवड्यात सहा सामने धरा, म्हणजे ५४ इनिंग. स्टार्टर सरासरी पाच इनिंग आणि एक आउट (तीन आउटची एक इनिंग) इतके टिकले तर ३२ इनिंग त्यांच्या आणि २२ बुलपेनच्या. तेच चार इनिंगमध्ये गारद व्हायला लागले तर बुलपेनवर ३०. आठ रिलीव्हर असतील तर माणशी पावणेतीनवरून पावणेचार. कागदावर फरक एकाच इनिंगचा दिसतो, पण हा भार सारखा वाटला जात नाही. अटीतटीच्या सामन्यात मॅनेजर ज्या तीन-चार जणांवर विश्वास ठेवतो त्यांच्याच माथी तो येतो. शिवाय बुलपेनमध्ये उभं राहून वॉर्मअपसाठी टाकलेले वीस-पंचवीस चेंडू बॉक्स स्कोअरमध्ये (सामन्याच्या आकडेवारीत) दिसत नाहीत. उठवला, तापवला, बसवला, असं दोनदा झालं की तो पिचर मैदानात न उतरताच अर्धा दमलेला असतो.

म्हणून जुलैअखेर टायलर रॉजर्स, ग्रेगरी सोटो, रायन हेल्सली अशी चांगली माणसं आणूनही भोक बुजलं नाही. गळती स्टार्टरच्या जागी होती. हेल्सलीचा सेंट लुईसमधला ईआरए ३.०० होता, मेट्समध्ये ७.२० झाला, अवघ्या वीस इनिंगचा हा आकडा आहे, पण त्या वीस इनिंग सातव्या-आठव्या इनिंगच्या होत्या आणि त्यांचं मोल सामन्यांत मोजलं गेलं.

नवख्यांपैकी नोलन मॅक्लीनने आठ सामन्यांत २.०६ चा ईआरए राखला. त्याच्यावर बोट ठेवायला जागाच नाही. जोना टाँगचं १२ सप्टेंबरचं मात्र बघा: टेक्सासविरुद्ध दोन आउट काढेपर्यंत सहा रन. अशा दिवशी मोडतो तो फक्त एक सामना नव्हे. २७ पैकी २५ आउट बुलपेनला काढावे लागतात, दुसऱ्या दिवशी तेच लोक मिळत नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी मॅनेजर एखाद्या स्टार्टरला इच्छा नसताना सहाव्या इनिंगमध्ये राखतो.

१ सप्टेंबरपासून संघ २८ जणांचा होतो आणि त्यात जास्तीत जास्त १४ पिचर चालतात. पूर्वी ४० जणांपर्यंत मुभा होती, तेव्हा थकवा झाकता यायचा. आता फक्त एक पिचर जादा मिळतो. त्यात खाली पाठवलेला पिचर साधारणपणे पंधरा दिवस परत बोलावता येत नाही, त्याच्या जागी कुणी जखमी झालं तरच. तेव्हा रोज नवा हात आणण्याची युक्तीही दहा-बारा दिवसांत संपते.

प्रश्न : डेट्रॉइटमध्ये आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला असताना शेवटच्या रविवारी आमच्या हुकमी पिचरला, तारिक स्कूबलला, खेळवलं नाही. डिव्हिजन गेली. हा निर्णय कसा पटवून घ्यायचा? (एक वाचक, मिशिगन)

हा निर्णय आम्हाला पूर्ण पटतो, आणि का ते दिवस मोजून दाखवता येतं.

स्टार्टर साधारणपणे चार दिवस विश्रांती घेऊन पाचव्या दिवशी टाकतो. स्कूबल मंगळवारी २३ सप्टेंबरला क्लीव्हलंडमध्ये खेळला; डेट्रॉइट तो सामना २-५ हरलं आणि आघाडी पुसली गेली. चार दिवसांची विश्रांती धरली तर त्याची पाळी रविवारी २८ ला. वाइल्ड कार्ड मालिका मंगळवारी ३० सप्टेंबरला सुरू होणार होती. रविवारी टाकलं असतं तर तीन सामन्यांची ती अख्खी मालिका (मंगळ, बुध, गुरू, मध्ये सुट्टी नाही) त्याच्याविना गेली असती.

शनिवारी बॉस्टनला २-१ हरवून टायगर्सनी प्लेऑफची जागा पक्की केली. उरला होता फक्त डिव्हिजनचा मान आणि घरच्या मैदानाचा फायदा. घरचं मैदान मोलाचं खरं, कारण या मालिकेतले तिन्ही सामने वरच्या क्रमांकाच्या संघाच्याच मैदानावर होतात. पण त्यासाठी स्कूबल देणं म्हणजे सौदा उलटा. डिव्हिजन हाती येण्यासाठी रविवारी क्लीव्हलंडने हरणंही गरजेचं होतं आणि क्लीव्हलंड जिंकलं: ते ८८-७४, टायगर्स ८७-७५. त्यात आपसातले सामने क्लीव्हलंडच्या बाजूने ८-५ असल्याने टायगर्सना बरोबरीही पुरली नसती. मंगळवारी स्कूबल ताजा होता: १४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), टायगर्स २-१. मालिकाही २-१.

हे गणित कोणत्याही संघाला लावता येतं. मंगळवारी मालिका असेल तर चार दिवसांच्या विश्रांतीसाठी हुकमी पिचर गुरुवारपर्यंत टाकून मोकळा झाला पाहिजे. शुक्रवारी टाकला तर तो बुधवारी, शनिवारी टाकला तर गुरुवारी, म्हणजे तिसरा सामना झालाच तर. शेवटच्या आठवड्यात संघाने पिचरांची यादी जाहीर केली की कॅलेंडरवर अशी उलटी मोजणी करा. संघाला स्वतःच्या जागेची किती खात्री वाटते ते मॅनेजरच्या मुलाखतीपेक्षा त्यातून जास्त कळतं.

साडेपंधरा सामन्यांची आघाडी गेली त्यात फलंदाजीचाही वाटा आहे, पण पिचिंगची बाजू अशी. जॅक्सन जोब कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे जूनपासून बाहेर, रीस ओल्सनचा खांदा जुलैत गेला. आधारासाठी आणलेला चार्ली मॉर्टन चालला नाही आणि सप्टेंबरातच त्याला मोकळं केलं. स्कूबलचा ईआरए २.२१, स्ट्राइकआउट २४१, पण तो पाच दिवसांतून एकदाच येतो. २०२४ मध्ये याच संघाने १० ऑगस्टला ५५-६३ असताना पुढचे ४४ पैकी ३१ सामने जिंकून दाखवले होते, तेही स्कूबल आणि त्यानंतर दर दोन इनिंगला नवा पिचर या पद्धतीने. ती पद्धत चालते, पण बुलपेनमधले सात-आठही हात ताजे आणि विश्वासाचे असतील तरच. त्यातले दोन ढेपाळले की उरलेल्यांवर भार वाढत जातो आणि आठ-दहा दिवसांत सगळेच ढेपाळतात.

प्रश्न : आमच्या पिचरचा ईआरए तीनच्या आत आहे. तरी जाणकार म्हणतात तो फसवा आहे. का? (एक वाचक, ठाणे)

ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खाती जमा झालेले रन. त्यात क्षेत्ररक्षकांचा आणि नशिबाचा वाटा मिसळलेला असतो. तो वेगळा काढायला एफआयपी वापरतात: होमरन गुणिले १३, वॉक (चार बॉल गेल्याने फलंदाजाला फुकट मिळालेला पहिला बेस) आणि अंगावर लागलेले चेंडू यांची बेरीज गुणिले ३, त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा, भागिले इनिंग, आणि शेवटी ३.१० च्या आसपासचा एक स्थिरांक मिळवायचा. समजा १५० इनिंग, ५० रन, म्हणजे ईआरए ३.००. पण १५ होमरन, ४५ वॉक, अंगावर ५, स्ट्राइकआउट १४०: १९५ अधिक १५० वजा २८०, म्हणजे ६५, भागिले १५०, म्हणजे ०.४३; एफआयपी ३.५३. पुढच्या महिन्यासाठी याच्याकडून तीनची नव्हे, साडेतीनची अपेक्षा ठेवावी.

नुसत्या सप्टेंबरच्या ईआरएवरून तर काहीच ठरवू नका. २९ इनिंगमध्ये ९ रन म्हणजे २.७९. पुढच्या सामन्यात एका इनिंगमध्ये ७ रन गेले की ३० इनिंगला १६, म्हणजे ४.८०. माणूस तोच. आणि इनिंगचे आकडे वाचताना जपा: ५.२ म्हणजे पाच इनिंग आणि दोन आउट, पाच पूर्णांक दोन दशांश नव्हे. कॅल्क्युलेटरवर तसंच टाकलं की उत्तर चुकतं.

प्रश्न : शेवटच्या दहा दिवसांत दोन सर्वोत्तम पिचरांनाच आलटूनपालटून का टाकत नाहीत? डॉजर्सच्या यामामोतोने तर सलग दोन दिवस टाकून वर्ल्ड सिरीज (शेवटची विजेतेपदाची मालिका) जिंकून दिली. (एक वाचक, बे एरिया, कॅलिफोर्निया)

हा प्रयोग १९६४ मध्ये फिलाडेल्फियाने केला होता. १२ सामने बाकी असताना संघ साडेसहा सामने पुढे होता. मॅनेजर जीन मॉक यांनी जिम बनिंग आणि ख्रिस शॉर्ट यांना दोन-दोन दिवसांच्या विश्रांतीवर उतरवलं. संघ सलग दहा सामने हरला आणि सेंट लुईस ९३-६९ वर एका सामन्याने पुढे निघून गेलं.

यामामोतोची गोष्ट वेगळी. ३१ ऑक्टोबर २०२५ ला सहाव्या सामन्यात त्याने सहा इनिंगमध्ये ९६ चेंडू टाकले आणि दुसऱ्या रात्री सातव्या सामन्यात शेवटच्या आठ आउटसाठी ३४. थक्क करणारी कामगिरी, पण त्यानंतर चार-साडेचार महिने सामना नव्हता. सप्टेंबरच्या मध्यावर हेच केलं तर पाचव्या दिवशी त्याच्याकडून पुन्हा सहा इनिंग मागायच्या असतात, आणि त्या मिळत नाहीत.

डॉजर्सचं खरं शहाणपण आधी दिसलं होतं. मोसमभर त्यांचं बुलपेन डळमळत होतं आणि स्टार्टर एकेक करून जायबंदी यादीवर होते. त्यांनी त्यांना घाईने आणलं नाही. ऑक्टोबरात चार धडधाकट स्टार्टर तयार होते. मिलवॉकीविरुद्धच्या चार सामन्यांत स्नेल, यामामोतो, ग्लासनाउ आणि ओहतानी यांनी मिळून २८ इनिंग आणि दोन आउट टाकले, दोनच रन दिले. बुलपेनची गरजच जवळपास उरली नाही. जिथे पडली तिथे रोकी सासाकी हा मुळातला स्टार्टर नवव्या इनिंगला आणला.

तीन दिवसांच्या विश्रांतीवर टाकायचंच तर चेंडूंची मर्यादा ७५-८० वर आणावी आणि प्रतिस्पर्धी फलंदाजांची तिसरी फेरी दाखवूच नये. नऊ फलंदाज, दोन फेऱ्या, म्हणजे अठरा. एकोणिसावा फलंदाज त्याच पिचरला तिसऱ्यांदा बघतो आणि तिथून मार वाढतो. ताज्या पिचरच्या बाबतीतही वाढतो, दमलेल्याच्या बाबतीत जास्त.

प्रश्न : टीव्हीवर बघताना पिचर थकलाय हे मॅनेजरच्या आधी ओळखता येईल का? (एक वाचक, नाशिक)

बऱ्याचदा येतं. पडद्यावर वेग दिसतो. पहिल्या इनिंगमधला फास्टबॉलचा वेग लिहून ठेवा. पाचव्या इनिंगमध्ये तो ताशी दीड मैलाने उतरला असेल तर सावध व्हा. त्याहून भरवशाची खूण म्हणजे चेंडू कुठे चुकतो ती. ताजा पिचर चुकतो तेव्हा चेंडू बहुधा खाली जातो. दमलेल्याचा हात शरीरामागे राहतो, मनगट उशिरा येतं, आणि चेंडू वर, त्याच्या हाताच्या बाजूला सुटतो: उजव्या पिचरचा उजव्या फलंदाजाच्या खांद्याकडे. स्लायडर शेवटी वळून खाली पडण्याऐवजी फलंदाजासमोरच्या प्लेटच्या मधोमध तरंगला की पुढचा किंवा त्याच्या पुढचा फलंदाज मारतोच.

पहिला चेंडू स्ट्राइक पडतो का तेही मोजा. साधारण साठ टक्के वेळा पडायला हवा. सलग चार फलंदाजांना पहिला चेंडू बॉल (स्ट्राइकच्या चौकटीबाहेर) गेला तर त्याला मधोमध टाकणं भाग पडणार. पिच क्लॉकवरही (चेंडू टाकण्याची मुदत मोजणाऱ्या घड्याळावर) नजर ठेवा: बेस रिकामे असताना १५ सेकंद, बेसवर कुणी असलं की १८. आधी निवांत दहाव्या सेकंदाला टाकणारा पिचर आता घड्याळ शून्यावर येईतो श्वास घेत थांबत असेल, तर बुलपेनमध्ये कुणी उठलंय का ते बघायची वेळ झाली. आणि रिलीव्हर उतरवला की त्याला किमान तीन फलंदाजांना टाकावंच लागतं किंवा इनिंग संपवावी लागते. त्यामुळे मॅनेजरला निर्णय तुमच्या अंदाजापेक्षा एक फलंदाज आधीच घ्यायचा असतो.

प्रश्न : भारतातून सामने बघायचे तर वेळ कशी धरायची? (एक वाचक, कोल्हापूर)

सप्टेंबर-ऑक्टोबरात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा आपण साडेनऊ तास पुढे, पश्चिम किनाऱ्यापेक्षा साडेबारा. न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७:०५ चा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ४:३५ ला, लॉस एंजेलिसचा ७:१० चा सकाळी ७:४० ला. दुपारी १:०५ चे सामने रात्री १०:३५ ला येतात, नोकरदारांना तेच सोयीचे. शेवटच्या रविवारी सगळे सामने एकाच सुमारास, पूर्वेच्या वेळेनुसार दुपारी तीनच्या आसपास सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे रविवारची मध्यरात्र उलटून साडेबारा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे जातात. वर्ल्ड सिरीज तिथवर लांबली तर पहाटे साडेपाचचा सामना साडेसहाला सुरू होईल.